मुलाला चार केट्या लागल्यात, बोलतच नाही

मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला, सेकंड इयर, होस्टेलवर. एम थ्री (गणिताचा तिसरा पेपर) धरून चार विषय राहिलेत हे आम्हाला त्याच्या मित्राकडून कळलं. फोन केला की "हो, जेवलो, ठेवतो". हे चिडलेत, मला काय बोलावं तेच सुचत नाहीये. कुणी यातून गेलंय का?

उत्तर १: मी गेलोय, माझं तर इयर डाउन होतं, म्हणजे अख्खं वर्षच गेलं. आई रोज रिझल्टचंच विचारायची म्हणून मी फोनच उचलायचो नाही, मग एकदा मामा आला, अमृततुल्यात बसलो, अर्धा तास नुसतं क्रिकेट आणि मग माझं मीच सगळं भडाभडा बोललो. काकू तुम्ही जाऊन या, काकांना आत्ताच नका नेऊ 😅

उत्तर २: "शेजारचा बघ" चुकूनही नको. झोप, जेवण नीट आहे का बघा. फारच खचलेला वाटला तर जीव द्यावासा वाटतो का हे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो हा गैरसमज आहे. टेलीमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.

मूळ पोस्टवाली: शनिवारी जातेय, डिंकाचे लाडू घेऊन. केटीचं नाव काढणार नाही, निदान पहिल्या दिवशी तरी.