मदत हवी आहे: सरांच्या ट्रंका, बुटांची खोकी आणि तांबडे आकडे

नमस्कार मंडळी,

सोलापुरातल्या एका छोट्या वाचनालयाचं काम आम्ही चौघं हौसेनं बघतो. दिवाळीनंतर एका दिवंगत प्राध्यापकांच्या मुलीनं वडिलांचा सगळा संग्रह आम्हाला देऊन टाकला. सर शिकवायचे मराठी, पण जीव लोकसाहित्यात. मंगळवेढा, अक्कलकोटकडच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायच्या आणि त्यांतल्या कानडी शब्दांच्या मागं लागायचं, हा त्यांचा उद्योग. नाव लिहीत नाही, ताईंना अजून विचारलेलं नाही.

अकरा पत्र्याच्या ट्रंका आल्या. पुस्तकांची काळजी नाही, ती रजिस्टरला चढतील. खरा ऐवज बुटांच्या बारा खोक्यांत आहे. सरांनी चादरीच्या कारखान्यातली जुनी बिलं चौथाई कापून त्यांच्या पाठीवर टिपणं केलीत. एका चिठ्ठीवर एक शब्द, खाली ओवी, सांगणाऱ्या बाईचं नाव, गाव, आणि कोपऱ्यात तांबड्या शाईत बारीक आकडा. उलटून बघावं तर ‘टॉवेल, डझन ६’. त्या आकड्यानं आम्हाला महिनाभर छळलं. शेवटी कळलं, तो कॅसेटचा नंबर. त्या बाईचा आवाज त्या कॅसेटीत आहे!

हे कळायच्या आत घोळ झाला होता. आमच्यातल्या एका पोरानं (गुणी आहे, त्याला बोलू नका) तीन खोकी अकारविल्हे लावून टाकली. सरांनी गावागावानं लावलेला क्रम गेला. उरलेली नऊ मी कुलपात ठेवलीत.

आमची खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. मे महिन्यात इथं पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. रबरबँड वितळून कागदाला चिकटलेत, टाचण्या गंजल्यात, एका ट्रंकेत कसर दिसली. राष्ट्रीय पांडुलिपी मिशनचं (जुनी हस्तलिखितं जपायची केंद्र सरकारची योजना, २०२५पासून ‘ज्ञान भारतम्’) बघितलं, पण तिथं हस्तलिखित निदान ७५ वर्षांचं लागतं. सरांची सर्वांत जुनी चिठ्ठी १९६८ची.

दुसरं म्हणजे, ताई म्हणतात सगळं नेटवर टाका, बाबांना तेच हवं होतं. पण त्यात इतर अभ्यासकांची सरांना आलेली पत्रं आहेत. आणि काही ओव्यांत बायकांनी सासरची उणीदुणी नावानिशी काढलीत. त्यांची नातवंडं त्याच गावात नांदतायत. काय करावं?

प्रतिसाद १

दादा, स्कॅनरच्या आधी खोली बदला. तळमजला, आतली भिंत, फरशीपासून वीतभर उंच मांडणी. डांबरगोळ्या कागदात टाकू नका. कसर लागलेली ट्रंक आजच बाकीच्यांपासून लांब न्या.

खोकं उघडलं की चिठ्ठी हलवण्याआधी वरून फोटो काढा. मग प्रत्येक चिठ्ठीला मऊ पेन्सिलीनं क्रमांक. पेन नको, आणि सेलोटेप तर घरातच ठेवू नका. गंजलेली टाचणी ओढली की कागद फाटतो, तिच्याखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून सोडवा. स्कॅन ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), दोन्ही बाजूंनी. टॉवेलचं बिलसुद्धा घ्या, त्यावर तारीख असेल तर चिठ्ठी त्याआधीची नाही एवढं तरी ठरतं. स्कॅनची मूळ प्रत टिफ फाइलमध्ये (तिच्यात चित्राचा दर्जा घटत नाही) ठेवा आणि एक प्रत दुसऱ्या गावी कुणाकडे तरी.

कॅसेट लावण्याआधी तिच्या कडेवरची दोन चिमुकली टोकं तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी आवाज पुसला जाणार नाही.

प्रतिसाद २

वकिली करतो म्हणून लिहितो. पत्राचा कागद सरांचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो एरवी लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, आणि पत्र लेखकाच्या हयातीत छापलं गेलं नसेल तर पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. तेव्हा पत्रांची यादी नेटवर टाका, पत्रं वाचनालयात बसून वाचू द्या, आणि वारस सापडतील तसतशी परवानगी घ्या.

ताईंनी ट्रंका दिल्या म्हणजे सरांच्या लेखनाचे हक्क दिले असं होत नाही. ते लेखी लागतं, सहीनिशी, सगळ्या वारसांच्या. कागदावर मुदत स्पष्ट लिहा. ती लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो.

ओव्यांचं कायद्यापेक्षा माणसांचं आहे. त्या गावांत जाऊन ऐकवा आणि विचारा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. ताईंचा भाऊ हैदराबादला असतो, हे मला आजच कळलं! रविवारी फोन करतोय.

खाली एक खोली मिळतेय, सध्या तिथं गणपतीच्या मांडवाचं सामान आहे, ते हलवायला मंडळाची पोरं तयार झालीत. आज बावीस कॅसेटींची टोकं तोडली. तांबडा सतरा असलेल्या चिठ्ठ्या चाळीसएक आहेत, आणि सतरा नंबरची कॅसेट काही सापडत नाही. ट्रंका पुन्हा उपसतो. तोवर सोलापुरात कुणाकडे चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर असेल तर कळवा, आमचा पट्टी खातो.