जड तोफा खाली, दारूकोठार त्याहून खाली

चार डेकच्या (मजल्यांच्या) काल्पनिक शिडाच्या लढाऊ जहाजाचा तुम्ही काढलेला नकाशा देखणा झालाय, पण सगळ्यात जड तोफा उघड्या डेकवर नकोत. वजन वर चढलं की जहाज वाऱ्याच्या झोताने कलंडतं. स्वीडनचं लढाऊ जहाज 'वासा' १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत कललं आणि खालच्या तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरून बुडालं. म्हणून जड तोफा खाली, पण खिडक्या पाण्यापासून चार-पाच फूट तरी वर ठेवा.

दारूकोठार, म्हणजे तोफांच्या बारुदाची खोली, स्वयंपाकघराशेजारून हलवाच. ते पाण्याच्या पातळीखाली हवं आणि आत दिवा अजिबात नको. उजेड येतो तो शेजारच्या खोलीतल्या कंदिलाचा, मधल्या काचेतून.

मधली डोलकाठी डेकवर संपत नाही, सगळे मजले भेदत तळाच्या कण्यापर्यंत जाते. तिच्या वाटेत तुम्ही जिना काढलाय, तो सरकवा. झिरपलेलं पाणी तिच्या बुडाशीच साचतं, त्यामुळे पंपही तिथेच.

खलाशांचे झोळीबिछाने माणशी जेमतेम १४ इंच रुंदीत मावायचे. आपल्या मुंबईच्या गोदीत १८१७ साली पाण्यात उतरलेलं सागवानी लढाऊ जहाज 'त्रिंकोमाली' इंग्लंडमधल्या हार्टलपूलला अजून शाबूत आहे. त्यात तोफांच्या डेकखाली खलाशांचा स्वतंत्र डेक आहे, तो जरूर बघा.