शनिवारची भेट: नाशिकचे आठ की आपले साडेदहा?

(अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या गटावरची चर्चा. मंडळी दर शनिवारी झूमवर नाशिकच्या सहा विशेष मुलांना भेटतात आणि शाळेनंतरच्या आयुष्याची तयारी करून घेतात. तिथलं काम शुभदाताईंचा छोटा गट बघतो. ओम त्या मुलांपैकी एक.)

मेधा (एडिसन)

मंडळी, काल परत घोळ झाला. रविवारी इथली घड्याळं एक तास मागे गेली, आपण मात्र भेट "नेहमीप्रमाणे साडेदहा" धरून बसलो. म्हणजे नाशिकला रात्रीचे नऊ. ओम पावणेआठपासून लॅपटॉपसमोर तयार. अंघोळ केलेली, शर्टाची वरची बटणंसुद्धा लावलेली, शेजारी वजनाचा काटा. साडेआठला त्याने लॅपटॉप मिटला आणि जेवायला बसला. नऊला आईने परोपरीने विनवलं, पण पठ्ठ्या ढिम्म हलला नाही. भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवून एवढंच म्हणाला, "मेधामावशी आठ."

बाकीच्या पाच मुलांचं जमलं, पण पुढच्या सोमवारपासून ओमला मार्केट यार्डाजवळच्या पॅकिंग युनिटमध्ये महिनाभर ट्रायलवर घेणार आहेत. त्याआधीची एकच भेट उरलीय. आज रात्रीपर्यंत वेळ ठरवून कळवा. माझं मत नाशिकचे आठ, म्हणजे आपले साडेनऊ.

संध्या (मराठी शाळा)

मेधा, साडेनऊला झूम मिळणार नाही. सव्वानऊ ते सव्वादहा दुसरीचा वर्ग असतो, हे जूनमध्येच वेळापत्रकात टाकलं होतं. लायसन्स एकच आहे आणि ते शाळेच्या फीमधून घेतलेलं आहे. गणपतीत एकांकिकेच्या तालमीसाठी "फक्त एकदा" म्हणून दिलं होतं, पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रसाद (सॅन होजे)

पश्चिम किनाऱ्यावरही माणसं राहतात, याची नम्र आठवण. तुमचे साडेनऊ म्हणजे आमचे पहाटेचे साडेसहा, तेही शनिवारी. आठवडाभर रात्री दहाला पुण्याच्या टीमबरोबर कॉल असतात.

दुसरं म्हणजे, आपण या मुलांना शाळेनंतरच्या आयुष्यासाठी तयार करतोय ना? मग एक तास इकडे तिकडे होणं हा त्या आयुष्याचाच भाग नाही का? मालक शिफ्ट बदलेल, नाशिकच्या द्वारका चौकात ट्रॅफिक तुंबेल, २०२७ च्या सिंहस्थात बसचे मार्गच फिरतील. प्रत्येक वेळी जगाने ओमच्या तक्त्याप्रमाणे चालायचं असं नाही होत. लवचीकपणा कधी शिकवणार?

सतीश

हॉलची किल्ली कुणाकडे आहे? दिवाळी पहाटच्या सतरंज्या अजून आतच आहेत.

शुभदा (नाशिकरोड)

प्रसाद, तुझा प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र तू समजतोस ते नाही.

लवचीकपणा शिकवता येतो. पण न सांगता वेळ बदलली तर मूल एकच शिकतं, की ही माणसं भरवशाची नाहीत. मनुका पाकिटात भरायच्या कामाचंच घे. पाकीट २५० ग्रॅमचं. काट्यावर २५१ आलं की ओम एक मनुका काढायचा, २४९ आलं की एक टाकायचा, पुन्हा काढायचा. एका पाकिटाला सहा-सात मिनिटं. मालक माझ्याकडे बघायला लागला. "थोडं जास्त चालतं रे" असं त्याला वीसदा सांगून झालं होतं. "थोडं" म्हणजे किती, ते त्याने कसं ठरवायचं? मग मी पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घेतला, २५० ते २५५ हे सहा आकडे हिरव्या खडूने लिहिले आणि काट्याला टेकवून ठेवला. काट्यावर यातला आकडा दिसला की पाकीट सील करायचं. चौथ्या दिवशी तो मिनिटाला एक पाकीट करत होता. हा झाला लवचीकपणा, पुठ्ठ्यावर लिहिलेला.

बसचंही तसंच. नाशिकरोड ते निमाणी बसस्थानक आधी त्याच्या शेजारी बसून गेले, मग दोन सीट मागे, मग नुसतं स्टॉपवर सोडून निमाणीला दुसऱ्या कुणाला उभं केलं. प्रत्येक पायरी त्याला तक्त्यावर आदल्या दिवशी दिसायची. सिंहस्थाचं कार्डही करू, मार्ग जाहीर झाले की.

आणि नाशिकमध्ये घड्याळ वर्षातून दोनदा बदलत नाही. ही गरज ओमच्या आयुष्यातली नाहीच. ती तुमची आहे, तर त्याचा सराव त्याने का करायचा?

नानाकाका

बसचा विषय निघाला म्हणून लिहितो. ही सिटीलिंक शहर बससेवा २०२१ ची. आमच्या वेळी शहर बस एस.टी.च चालवायची आणि सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उभं राहिलं की कंडक्टर नावानिशी ओळखायचे.

आमची एक चुलत बहीण अशीच होती. पंचवटीत वाडा, ती माजघरात. पाहुणे आले की तिला मागच्या खोलीत पाठवत. काम काय, तर गव्हातले खडे निवडणं. तिने निवडलेल्या गव्हात कधी दाताखाली खडा आला नाही, हे आमची आजी कौतुकाने सांगायची, पण तिला ओट्यापर्यंतही कुणी नेलं नाही. गंगा, म्हणजे आपली गोदावरी, घरापासून पाच मिनिटांवर, तरी ती तिने किती वेळा पाहिली असेल देव जाणे. रजनीताई लिमयांनी १९७७ मध्ये नाशिकला अशा मुलांसाठी प्रबोधिनी ही शाळा सुरू केली, तोवर हिची तिशी उलटली होती. काटा आणि पुठ्ठा वाचून तीच आठवली.

वेळेबद्दल माझं मत नाही. मी पाचलाच उठतो.

किरण

नानाकाका, एस.टी.चे कंडक्टर नावानिशी ओळखायचे हे जरा जास्त होतंय 🙂

मुद्द्याचं बोलू. ट्रायलच्या महिन्यात पगार नाही. आपण सहाही मुलांना थोडं विद्यावेतन पाठवूया का? मेळाव्याचे पैसे शिल्लक आहेत.

अनिल

मंडळाच्या खात्यातून पाठवू नका. मंडळ इथली नोंदणीकृत संस्था आहे, तिचा पैसा तिकडे विदेशी देणगी ठरतो. तिथल्या संस्थेने तो घ्यायचा तर एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यायला हवा. शुभदाताईंचा गट म्हणजे चार माणसं आणि एक खोली. त्यांना कशाला अडचणीत आणता? हे मी मागच्या वर्षी शिवणयंत्रांच्या वेळी लिहिलं होतं. तेव्हाही कुणी वाचलं नाही.

शुभदा (नाशिकरोड)

अनिलराव बरोबर. पैसे नकोतच. महिन्यानंतर पगार सुरू होईल तेव्हा तो मुलांच्या स्वतःच्या खात्यात आला पाहिजे, तिथे मदत करा. एका बँकेत ओमच्या आईला सांगितलं की मुलगा अठराचा झाला, आता पालकत्वाचा दाखला आणा. असा दाखला १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली मिळतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती देते. ज्यांना लागतो त्यांनी जरूर घ्यावा. पण ओम स्वतः सही करतो, नोटा मोजतो, शिल्लक किती विचारली तर पैशांसकट सांगतो. एकदा दाखला घेतला की प्रत्येक कागदावर सही आईची. उद्या आई नसली की? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याच्यासारख्यांना बँकेचे व्यवहार स्वतः करायचा हक्क दिलाय, लागेल तिथे मदत घेऊन. मी आईला म्हटलं, दाखल्याची घाई नको, आधी मॅनेजरला भेटू. पुढच्या बुधवारी जातोय. तोवर शनिवारच्या भेटीत सही आणि पैसे काढायची स्लिप यांचा सराव घ्या.

वैशाली (पिस्कॅटवे)

मी सहसा इथे लिहीत नाही. माझ्या मुलाला बहुतेकांनी पिकनिकला पाहिलंय.

इकडे कायद्याने शाळेला सोळाव्या वर्षापासून पुढच्या आयुष्याचा आराखडा करावाच लागतो, न्यू जर्सीत तर चौदापासून. आमचाही केला होता. छान फाईल होती. एकविसाव्या वर्षापर्यंत शाळेची बस दारात यायची. त्या जूनमध्ये शाळा संपली, समारंभ झाला, केक कापला. सप्टेंबरात हा सात वाजून दहा मिनिटांनी दप्तर घेऊन पायरीवर उभा. पाऊस होता. मी आत बोलावलं तर म्हणाला, "बस लेट." तीन आठवडे रोज उभा राहत होता. फाईलमध्ये नोकरीचं होतं, घराचं होतं, बँकेचंही होतं. बस येणार नाही हे त्याला कुणी, कसं आणि किती दिवस आधी सांगायचं, ते कुठेच नव्हतं. माझ्याही लक्षात आलं नाही.

प्रसाद, मी तुला दोष देत नाहीये. पण तू ज्याला एक तास म्हणतोस, तो ओमच्या हिशेबात तास नाही. मावशी आलीच नाही, एवढंच त्याला कळलं.

प्रसाद (सॅन होजे)

वैशालीताई, बरं झालं लिहिलंत.

ठीक आहे, मी साडेसहाला येतो. पण दर शनिवारी नाही जमणार. एका आड एक चालेल का? नसेन तेव्हा माझ्या जागी कोण, ते ओमला आधी दिसलं पाहिजे, असंच ना शुभदाताई? आणि कॅमेऱ्यात मी ब्लँकेट पांघरून असेन, त्याला चालेल का विचारा.

शुभदा (नाशिकरोड)

एका आड एक चालेल. तुझा एक फोटो पाठव, मेधाचा आहेच. ज्याची पाळी त्याचा फोटो तक्त्यावर लावते, सहा आठवड्यांचे एकदम. ब्लँकेटचं विचारलं. त्याचा उलटा प्रश्न, "काका आजारी?" तेव्हा शर्ट घाल.

मेधा (एडिसन)

ठरलं तर. नाशिकचे रात्रीचे आठ, बाराही महिने. मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर आपलं परत साडेदहा होईल, तो हिशेब आपण ठेवायचा, त्यांनी नाही. झूमचा प्रश्न राहिला. संध्या, मी माझ्या फुकटच्या अकाउंटवरून लिंक काढते. चाळीस मिनिटांनी बंद पडतं, पण सही आणि स्लिपला तेवढं पुरे. शुभदाताई, चाळीस मिनिटांनी आपोआप बंद होणार हेही तक्त्यावर लिहाल ना? नाहीतर परत गोंधळ.

शुभदा (नाशिकरोड)

लिहिलं. ८:०० ते ८:३५. पाच मिनिटं "टाटा" म्हणायला ठेवलीत. आणि ओमने स्वतः खाली पेनाने भर घातलीय: "९ नाही."

सतीश

किल्ली मिळाली. माझ्याच गाडीत होती.

संध्या (मराठी शाळा)

म्हणजे साडेदहाला झूम मार्चपर्यंत रिकामं ना? मग तिथे तिसरीचा वर्ग टाकते. कृपया परस्पर कुणाला देऊ नये.