हातउसन्या पैशांना तीनच वर्षांची मुदत: हा न्याय आहे का?

कृष्णाकाठची बाई
३१ वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाले. माझं म्हणणं मांडते, ज्यांना पटत नसेल त्यांनी मोकळेपणाने खोडून काढावं.

१० मे २०१९ रोजी पुतण्याला टेम्पो घ्यायला ३ लाख रुपये दिले. चेकने दिले, पण कागद काही केला नाही. घरच्या पोराकडून सही घ्यायची? माझा हातच झाला नसता. पुढे कोविड आला, त्याचं भाडं बंद पडलं. अशा वेळी तगादा लावणं मला शोभलं नसतं. नंतर त्याचा धंदा सावरला, घरावर दुसरा मजला चढला, तरी पैशांचा विषय निघाला की तो उठून बाहेर जाई. शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये वकिलाकडे गेले. त्यांनी बोटांवर हिशेब केला. तीन वर्षांची मुदत, त्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सगळ्यांसाठीच वगळलेला, म्हणजे एप्रिल २०२४ च्या अखेरीस दावा मुदतीबाहेर गेला. मला सहा महिने उशीर झाला होता.

मी त्याला सवड दिली, आणि त्या सवडीचीच मला शिक्षा झाली. जो पहिल्या महिन्यात नोटीस धाडतो त्याचे पैसे वसूल होतात. जो समजून घेतो त्याचे बुडतात. माझ्या मते नात्यातल्या आणि ओळखीतल्या उसनवारीला किमान दहा वर्षांची मुदत हवी.

परभणीकर
बाई, तुमच्याबद्दल मनापासून वाईट वाटलं. पण मुदत वाढवायला माझा ठाम विरोध आहे. मी दुसऱ्या बाजूला उभा राहिलोय.

वडिलांचं खत-बियाण्यांचं दुकान होतं. २०१८ मध्ये ते गेले. तेराव्याचं जेवण उरकून मांडव सोडत होतो तेव्हा तिघं जण आले. दोघांचं देणं खरं होतं, आम्ही ते फेडलं. तिसऱ्याने एक लाल कापडी बांधणीची वही काढली. २००३ सालची नोंद, दीड लाख, वर व्याज. अक्षर त्याचंच, वडिलांची सही कुठेच नाही. आई म्हणाली, असेलही बाबा, यांनी मला कधी काही सांगितलं नाही. आम्ही नाही म्हटल्यावर त्याने दावा टाकला. तो मुदतीवरच फेटाळला गेला.

खरी गोष्ट पुढे आहे. वर्षभराने माळ्यावर जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात एक पावती सापडली. रसीदी तिकिटाचा रंग उडालेला, पण सही वाचता येत होती. वडिलांनी २००५ मध्येच सगळे पैसे चुकते केले होते. तो कागद सापडला नसता आणि मुदतीचा कायदाही नसता, तर आईच्या अंगावरचे दागिने गेले असते. मेलेल्या माणसाला कोर्टात उभं करून विचारता येत नाही. म्हणून तीन वर्षं.

कृष्णाकाठची बाई
तुमच्या आईंचं ऐकून गलबलून आलं. पण तुमच्या उदाहरणात १५ वर्षं उलटली होती. माझ्यात सहा महिने. दोन्हीला एकच माप?

दिवाणी बाजू
मी तालुका कोर्टात वकिली करतो. बाई, त्या सहा महिन्यांवर इलाज नाही आणि याचं कारण लोकांना माहीत नसतं. अपिलाला किंवा अर्जाला उशीर झाला तर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली माफी मागता येते. मूळ दाव्याला ती सोय नाही. कलम ३ तर असं सांगतं की प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी न्यायाधीशाने मुदतीबाहेरचा दावा फेटाळायचाच.

पण एक विचारतो. मधल्या काळात पुतण्याने थोडेफार पैसे परत केले का? किंवा कुठे लिहून दिलं का? मुदत संपण्याआधी त्याने सहीनिशी देणं कबूल केलं असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षं नव्याने सुरू होतात. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ईमेलवरची कबुलीसुद्धा यासाठी धरली आहे. काही रक्कम भरली असेल तरी मुदत नव्याने मिळते, फक्त भरल्याची नोंद भरणाऱ्याच्या हातची किंवा त्याच्या सहीची लागते. चेक असेल तर त्यावर सही असतेच.

कृष्णाकाठची बाई
२०२१ आणि २०२२ च्या दिवाळीत त्याने दहा-दहा हजार आणून दिले. रोख. मी लगेच माझ्या वहीत तारखेसह टिपून ठेवलं. कबुली म्हणाल तर तो जे बोलायचा ते फोनवरच.

दिवाणी बाजू
वहीत अक्षर तुमचं. त्याच पानावर त्याची एक सही असती तर ऑक्टोबर २०२५ पर्यंत मुदत मिळाली असती आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तुम्ही आरामात दावा केला असता.

परभणीकर
बाई, राग मानू नका. आमच्या दारात आलेल्या माणसाची वहीसुद्धा त्याच्याच अक्षरातली होती. तुमची नोंद खरी आहे हे मला पटतं, पण कोर्टाने कोणती वही खरी मानायची?

वसुली विभाग
पतसंस्थेत वसुली अधिकारी म्हणून १४ वर्षं काम केलं. इथे एक गोष्ट कोणी बोललं नाही. सहकार कायद्याचं कलम ९२ काढून बघा. संस्थेला सभासदाकडून येणं असेल तर वादाची मुदत तो सभासद मरण पावतो किंवा सभासदत्व सोडतो तेव्हापासून मोजतात. तो सभासद आहे तोवर घड्याळ सुरूच होत नाही. शिवाय कलम १०१ चा वसुली दाखला, म्हणजे दाव्याशिवाय मिळणारा वसुलीचा हुकूम, असतो, आणि त्याविरुद्ध पुनरीक्षण मागायचं तर आधी ५० टक्के रक्कम भरावी लागते. गहाणावरच्या कर्जाच्या दाव्याला १२ वर्षं. तेव्हा मुदत सगळ्यांना सारखी आहे हे खरं नाही.

कृष्णाकाठची बाई
हेच म्हणायचं होतं मला! संस्थेकडे कर्मचारी, वकील, छापील अर्ज. तिला थांबायला मुभा. माझ्याकडे एक वही, आणि मलाच तीन वर्षं. ज्याच्याकडे साधनं कमी त्याला वेळ जास्त द्यायचा की कमी?

परभणीकर
मग संस्थांची मुदत कमी करा ना. कर्जदारांच्या मागचा ससेमिरा वाढवून तुमच्यावरचा अन्याय भरून निघणार नाही.

भोसरीचा वर्कशॉपवाला
मी देणेकरी आहे. लपवत नाही. २०२० मध्ये जॉबवर्क बंद पडलं, दोन मशिनं विकली, आजही चार ठिकाणी मिळून २२ लाख देणं आहे. जुन्या क्रेडिट कार्डाचं एक देणं २०१६ चं. त्याचा वसुली एजंट मागच्या महिन्यात आला. अगदी गोड बोलला, साहेब, दोनच हजार भरा आणि या तडजोडीच्या कागदावर सही करा, व्याज माफ. नशिबाने मेव्हण्याने हात धरला. मेलेली मुदत त्या सहीने जिवंत झाली असती. इथे सहीचे सल्ले देताना समोरच्या माणसाचाही विचार करा.

दिवाणी बाजू
तुमचा मेव्हणा बरोबर आहे. मुदत संपल्यावर नुसते दोन हजार भरल्याने ती पुन्हा सुरू होत नाही. नुसत्या 'देणं आहे' या कबुलीनेही नाही. पण 'हे पैसे मी देईन' असं सहीनिशी लिहून दिलंत तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे तो नवा करार होतो आणि त्यावर दावा चालतो. एजंटाला तोच कागद हवा असतो. आणि तो सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करत असेल तर रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच त्याला मनाई केली आहे, लेखी तक्रार करा.

बाई, हेच कलम तुमच्या उपयोगाचं आहे. मुदत गेली म्हणजे कर्ज बुडालं असं होत नाही, कोर्टाचं दार बंद होतं एवढंच. देणं कायद्याने शिल्लकच असतं. पुतण्याने आज लिहून दिलं तर दार परत उघडतं.

भोसरीचा वर्कशॉपवाला
साहेब, माझं काय? मी नादारीचा, म्हणजे देणं फेडायची ऐपत उरली नाही असा, अर्ज करू का? एकाने सांगितलं तो फक्त कंपन्यांसाठी असतो.

दिवाणी बाजू
चुकीचं सांगितलं. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग आजवर फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू झालाय, १ डिसेंबर २०१९ पासून. बाकीच्यांना अजून जुनाच कायदा. मुंबई शहरात १९०९ चा, तुम्हाला पुण्याच्या जिल्हा न्यायालयात १९२० चा. त्यात अर्जासाठी देणं किमान ५०० रुपयांचं हवं, यावरून कायदा किती जुना ते कळेल. नादार ठरलात की मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते, पण कारागिराची हत्यारं आणि जप्तीतून वगळलेल्या इतर वस्तू तुमच्याच राहतात. पुढे कोर्ट सांगेल त्या मुदतीत देण्यांतून मुक्ततेचा अर्ज करायलाच हवा. तो राहिला तर नादारी रद्द होते आणि सगळे धनको पुन्हा दारात. इथेच पुष्कळ जण घसरतात.

वसुली विभाग
मला हे पटत नाही. बायकोच्या नावावर घर करायचं आणि नादार व्हायचं, असे नमुने पाहिलेत मी.

दिवाणी बाजू
अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत केलेलं तसलं फुकटचं हस्तांतरण कोर्ट रद्द करू शकतं. लबाडाला रोखायची सोय आहे. प्रामाणिक माणसाला वाट दाखवणारं मात्र कोणी नाही. ऐपतच नाही अशा माणसाला निव्वळ देणं थकलं म्हणून तुरुंगात घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलंय. तरी माझ्याकडे येणारा प्रत्येक कर्जदार पहिलं तेच विचारतो, साहेब, आत टाकतील का?

भोसरीचा वर्कशॉपवाला
मीही तेच विचारणार होतो. सहा महिने झोप नाही त्यापायी. धन्यवाद.

परभणीकर
बाई, एक सांगायचं राहिलं. तुमच्या पुतण्याला उद्या काही झालं तर त्याच्या मुलांवर हे देणं त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरतंच येतं. आम्हाला हे माहीत नव्हतं, आई रात्र रात्र जागायची की पोरांना जन्मभर फेडावं लागेल. आणि ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जासाठी 'बापाचं देणं हे मुलाचं धर्मकर्तव्य' म्हणून कोर्टात जाता येत नाही.

कृष्णाकाठची बाई
त्याच्या मुलांकडे मी मागणारही नाही. माझं मत बदललेलं नाही, तीन वर्षं नात्यांना कमीच आहेत. पण वहीबद्दल तुम्ही जे विचारलंत त्याला माझ्याकडे उत्तर नाही, हे कबूल करते. वकीलसाहेब, येत्या रविवारी मी त्याच्याकडे जाईन. कागदावर काय लिहू?

दिवाणी बाजू
दोन ओळी पुरे. १० मे २०१९ ला काकूंकडून चेकने ३ लाख घेतले, ते मी अमुक तारखेपर्यंत परत देईन. खाली त्याची सही आणि तारीख. 'देईन' हा शब्द सोडू नका, 'देणं आहे' पुरत नाही. कागद त्याला पूर्ण वाचू द्या, दबाव नको, नाही म्हणाला तर उठून या.

परभणीकर
आणि बाई, दोन दिवाळ्यांना मिळालेले वीस हजारही त्यात लिहा. त्याच्याकडे पावती नाहीये.

कृष्णाकाठची बाई
लिहीन. वहीत तारखा आहेत, तारखांसकट लिहीन आणि एक प्रत त्याला देईन.