ठिबकच्या जाहिराती पाठ का सोडत नाहीत?

रावेरचा बागायतदार: कांदेबाग केळीसाठी ठिबकच्या नळ्यांचे भाव मी एका संकेतस्थळावर पाहिले, खरेदी केली नाही, नाव-नंबरही दिला नाही. तरी आता बातम्या वाचताना आणि हवामान पाहताना त्याच नळ्या समोर येतात. मोबाइल आपले बोलणे ऐकतो, असे गावात म्हणतात. इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी, वापरल्यास हे थांबेल का?

धुळेकर: तुमच्या बाबतीत बोलणे ऐकण्याची गरजच नव्हती. असंख्य संकेतस्थळांवर एकाच जाहिरात कंपनीचा कोड बसवलेला असतो. तो ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे ओळखीची छोटी नोंद, ठेवतो आणि पुढच्या संकेतस्थळावर तीच वाचून, भाव पाहून गेलेला ग्राहक हाच, हे ओळखतो. इन्कॉग्निटोची खिडकी बंद केल्यावर फोनमधील इतिहास व कुकी पुसल्या जातात, एवढेच. संकेतस्थळाला आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला तुमची ये-जा दिसतेच. अॅपलच्या सफारी ब्राउझरने २०२० मध्ये अशा त्रयस्थ (पाहत असलेल्या संकेतस्थळाच्या नव्हे, तर दुसऱ्याच कंपनीच्या) कुकी सरसकट अडवल्या.

भुसावळची वाचक: दादा, अॅपमध्ये मात्र मुख्यतः अँड्रॉइडचा जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक, वापरला जातो. सेटिंग्जमध्ये 'जाहिराती' शोधून तो हटवावा. जाहिराती येतच राहतील, फक्त माग काढणे अवघड होईल. टॉर्चच्या अॅपला संपर्क यादी कशाला हवी, हेही विचारावे!

धुळेकर: ताईंच्या मुद्द्याला कायद्याचाही आधार आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असायला हवे.