मदत हवी आहे: आरओचं टाकाऊ पाणी घालून मोगरा जळतोय, कसा वाचवू?

नमस्कार मंडळी,

आम्ही लातूरला राहतो. घर स्वतःचं, मागे परसात थोडी जागा, तिथे सासूबाईंनी हाताने लावलेली झाडं: कढीपत्ता, लिंबू, शेवगा, जास्वंद आणि मोठ्या कुंडीतला बटमोगरा. हा मोगरा आमच्या घरी माणसासारखा आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी, तेव्हा आमचा बोअर आटला होता. त्या उन्हाळ्यात आईंनी तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी तांब्यात साठवून मोगऱ्याला घातलं. बाकी बरंच वाळलं, मोगरा राहिला.

आता आई थकल्या आहेत, झाडांचं मी बघते. आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी येतो, एरवी बोअर. बोअरचं पाणी जड, म्हणून प्यायला आरओ बसवला. गेल्या दिवाळीत त्याच्या टाकाऊ नळीखाली बादली लावून मोजलं: एक लिटर शुद्ध पाण्यामागे पावणेतीन लिटर बाहेर. प्यायला-स्वयंपाकाला रोज १५ लिटर लागतं, म्हणजे चाळीसेक लिटर सरळ मोरीत. जीव तुटला. तेव्हापासून ते सगळं बादल्यांत भरून झाडांना घालते. कपड्यांच्या मशीनचं पाणीही शेवग्याच्या आळ्यात सोडलं.

या उन्हाळ्यात मोगऱ्याला कळ्या जेमतेम आल्या. पानांच्या कडा आधी पिवळ्या, मग तपकिरी, हातात घेतलं की कुरकुरीत मोडतात. कुंडीच्या मातीवर पांढरा थर आलाय, नखाने खरवडला तर पापुद्रा निघतो. लिंबाचीही पानं गळताहेत. शेजाऱ्यांकडून मीटर आणून बघितलं तर बोअरच्या पाण्याचा टीडीएस (म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार) ९०० आणि आरओच्या टाकाऊ पाण्याचा साडेबाराशेच्या आसपास.

आई रोज सकाळी काठी टेकत कुंडीपाशी जातात आणि पानांवरून हात फिरवतात. बोलत काहीच नाहीत. पाणी वाचवायच्या नादात त्यांचंच झाड मी घालवते आहे, हे मला सहन होत नाही.

मला विचारायचंय ते असं: मोगरा वाचेल का आणि लगेच काय करू? रोजच्या चाळीस लिटरचं काय करायचं? ते परत मोरीत सोडायची इच्छा नाही. मशीनचं पाणी झाडांना चालतं की नाही? आणि मृग तोंडावर आहे, गच्चीचं पाणी धरायचं तर आत्ता काय तयारी करावी लागेल?

प्रतिसाद १

ताई, मोगऱ्याला क्षार चढलेत. आरओ पाणी गाळतो म्हणजे क्षार टाकाऊ पाण्यात गोळा करून सोडतो. जमिनीत ते थोडेफार खाली निचरतात, कुंडीत जायला जागा नाही. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. तो पांढरा पापुद्रा म्हणजे तेच.

आजच वरची इंचभर माती खरवडून काढा, त्या जागी कुजलेलं शेणखत घाला. रासायनिक खत बंद, तेही क्षारच. कुंडीच्या खालची भोकं काडीने मोकळी करा. यानंतर कुंडी धुवून काढायला तिच्या दुप्पट तरी गोडं पाणी लागेल. तुमच्याकडे आत्ता ते नाही, तर नळ येईल त्या दिवशीचं थोडं मोगऱ्यापुरतं राखा आणि पाऊस लागला की कुंडी उघड्यावर, विटांवर उचलून ठेवा. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्याच्याइतकं चांगलं कुणी धुणार नाही. खोडात ओल असेल तर फुटवा येतो, नखाने साल जराशी खरवडून बघा, आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे.

लिंबूवर्गीय झाडांना क्षार अजिबात सोसत नाहीत, लिंबाला ते पाणी आजपासून बंद. कूलरच्या तळाशी उरलेलं पाणीही घालू नका, ते असंच खारट झालेलं असतं. उलट एसीच्या नळीतून ठिबकतं ते बिनक्षाराचं, कुणाकडे एसी असेल तर मागून आणा.

प्रतिसाद २

टाकाऊ पाणी संडासाला, कपडे भिजवायला आणि खरकट्या भांड्यांच्या पहिल्या हाताला वापरा. आमचे चाळीस लिटर असेच संपतात. फरशीला वापरलं तर पांढरे डाग पडतात, तेवढं सोडा.

आणि संडासाची फ्लशची टाकी तपासा. रात्री झोपताना टाकीत निळीचे चार थेंब टाका. सकाळी कुणी न वापरता भांड्यात निळं उतरलं असेल तर आतली झडप गळतेय. आमच्याकडे हेच होतं, आवाज नाही, काही नाही. शंभर-दीडशे रुपयांचा रबर बदलला.

प्रतिसाद ३

मशीनच्या पहिल्या पाण्यात पावडरीचा सोडा असतो. काळ्या मातीत सोडियम गेलं की माती चिकट होते, निचरा बंद पडतो. शेवटच्या खळबळण्याचं पाणी चालेल, तेही त्याच दिवशी घाला, साठवलं की वास मारतं. आमच्या आजीच्या घरी न्हाणीच्या पाण्यावर केळ, कर्दळ आणि अळू असायचा. अंघोळीचं पाणी तिकडे वळवा.

गच्चीचं गणित सोपं आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमची गच्ची ९०० चौरस फूट धरली तर ती ८४ चौरस मीटर होते. १०० मिलिमीटर पाऊस झाला तर ८,४०० लिटर पडतं, उडालेलं-जिरलेलं सोडून साडेसहा हजार तरी हाती लागतं. आत्ता गच्ची झाडून घ्या, पहिल्या एक-दोन सरींचं पाणी जाऊ द्या, मग टाकीत घ्या. टाकीला झाकण आणि जाळी हवीच, नाहीतर डास.

आळ्यात उसाचं पाचट अंथरा. तुमच्याकडे ते सहज मिळेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी साल खरवडली. दोन फांद्या कोरड्या निघाल्या, पण बुंध्यापाशी आत हिरवं आहे! आईंना दाखवलं तर त्यांनी चष्मा आणायला लावला आणि स्वतः बघितलं. माती बदलली. आज तांदूळ धुतलेलं पाणी त्यांनीच घातलं, पहिल्यासारखं, तांब्याने.

नीळही टाकून बघितली. वरच्या मजल्यावरचं संडास गळतंय, प्लंबर उद्या येणार आहे.

जुनी दोन हजार लिटरची टाकी घासून ठेवली. गच्चीला दोन उतार आहेत, एकाचा पाइप टाकीत येईल. दुसऱ्या उताराचं पाणी बोअरजवळ खड्डा करून जिरवावं म्हणते. खड्डा बोअरपासून किती लांब हवा, आणि आत वाळू-खडीचे थर कुठल्या क्रमाने घालायचे? गाळ बोअरमध्ये उतरेल याची धास्ती वाटते. कुणी स्वतः केलं असेल तर सांगा, मृगाच्या आत खणून घ्यायचं आहे.