मदत हवी आहे: थंडीत टेंटमधली टोमॅटोची रोपं आडवी पडतायत
मंडळी, सिंहगड रोडला राहतो, बाल्कनीत ऊन येत नाही म्हणून बेडरूममध्येच छोटा ग्रो टेंट (आत लाइट लावून रोपं वाढवायचा बंद तंबू) लावलाय, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याचा भुसा) ट्रेमध्ये टोमॅटो आणि ढोबळी मिरची. टोमॅटो आठवड्यात उगवले, मिरची १५ दिवस झाले तरी ढिम्म. लाइट चालू असताना आत २६ डिग्री पण पहाटे १४ वर येतं, त्यात आई रोज रात्री प्रेमाने पाणी घालत होती (आता थांबवलंय). परवा बघतो तर चार रोपं बुडाशी दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी, बाकीच्यांची पानं खालून जांभळट. हा कोलमड रोगच ना (बुरशीने रोपं बुडाशी सडून आडवी पडतात तो)? पंखा लावला की गार पडतं, नाही लावला तर टेंट आतून घामेजतो. ट्रेखाली हीट मॅट (खालून ऊब देणारी विजेची चटई) घेऊ, का लाइट रात्री चालू आणि दिवसा बंद ठेवू? कोणी केलंय का असं?